ग्रहणाचं नाव त्या कागदात नव्हतं

अशी जवळ सरक, सूनबाई. कागदावरून बोलायलेय म्हणून तोंड फिरवू नको. चार फोन केले, एक उचलला न्हाईस. असं करतात का गं?

तसं तुझंही बरोबरच हाय म्हणा. बाळ दीड वर्षाचं झालं तरी उभं राहीना, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवात भर बायकांत मीच म्हणाले, "पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली ही. आता भोगा." तुम्हा तिघांचं रक्त तपासायला दिलं, अन् बाळाला घेऊन तू गंगाखेडला माहेरी गेलीस.

परवा तपासणीचा कागद आला. मी गच्चीवर शेवया करायले होते. तुझी नणंद कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिनंच वाचला. म्हणाली, "आई, तुझ्या ग्रहणाचं नाव न्हाई यात."

"मग काय हाय?"

तिनं काठीवर टाकलेल्या शेवयांकडं बोट केलं. "पेशीपेशीत असाच लय लांब धागा असतो, डीएनएचा. एक प्रथिन त्याला जागोजाग धरून वेढे पाडतं, या काठीसारखं. वेढा पडला की धाग्यावरचं लांबचं चालू करायचं बटण त्याच्या जनुकापाशी येतं, मग ते जनुक कामाला लागतं. ज्याची गरज न्हाई ते गप राहतं."

"अन् आपल्या बाळाचं?"

"ते प्रथिन कमी बनतंय. जनुकं हायेत, पण काही वेळेवर जागी होत न्हाईत. म्हणून वाढ सावकाश. दादा-वहिनीच्या रक्तात हा बदल न्हाई, बाळ घडताना आपोआप झाला."

"विळीचा थोडासुद्धा संबंध न्हाई?"

"थोडासुद्धा न्हाई. शेवया चिकटायल्यात, इकडं बघ."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. हळदीकुंकवाला आलेल्या एकेकीच्या दारात जाऊन सांगितलं, मी चुकीचं बोलले, सुनेचा काही दोष न्हाई. एक म्हणाली, "सासू असून असं सांगायलीस?" म्हटलं, होय, सासू असून. चहा पाजला तिनं.

डॉक्टर म्हणतात, व्यायाम अन् बोलायचे धडे आतापासून दिले तर बाळ पुष्कळ शिकेल, आपल्या चालीनं. काल तुझ्या आईकडून कळलं, भिंत धरून उभं राहिलं म्हणे. ऐकून मला दुपारी डोळाच लागला न्हाई.

त्या बायकांना सांगून झालं, तुला सांगायचं राहिलंय. ते फोनवर भागत न्हाई. या रविवारी बाळाला घेऊन ये. राहायचं का न्हाई ते तू ठरव, मी आग्रह करणार न्हाई. पण लवकर ये गं.