नाकातून गाणारा अँप्लिफायर

चांगल्या आवाजाबद्दल बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. मी त्यांच्यातलाच एक होतो, काही काळ तर त्यांचा मुखिया होतो, त्यामुळे हे बोलायचा अधिकार मला आहे.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. मी भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधावरून उठून थेट रिव्हेट मारणाऱ्या टोळीत आलो. काम असं की मोठ्या लोखंडी नळाच्या पोटात शिरायचं, आणि बाहेरचा माणूस हवेच्या हातोड्याने तापलेली रिव्हेट बडवत असताना आतून ती ठोकळ्याने दाबून धरायची. देवळातल्या घंटेत डोकं घालून बसावं आणि गावातल्या सगळ्या भक्तांनी ती वाजवावी, तसं. पाळी संपवून बाहेर आलो की कानात किणकिण चालू असायची. सुरुवातीला ती जेवणापर्यंत उतरायची. पुढे उतरेनाशी झाली, तेव्हा मी समजलो की इथली हवाच अशी असेल.

तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नसे. मूठ वर केली की थांब, मनगट फिरवलं की चालू कर, कॉलर पकडून दाखवली की साहेब येतोय. बाकीचं आम्ही ओठांवरून वाचायचो. पन्नास हात लांब मचाणावर उभा असलेला माणूस मला आईवरून शिवी देतोय हे मला बिनचूक कळायचं आणि मी ती तशीच परत करायचो. सगळेच असे बोलत, त्यामुळे कोण बहिरा झालाय हे कोणाला समजतच नसे. ज्याचे कान गेले त्यालाही नाही.

पुढे मी त्याच कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये पक्का झालो, क्वार्टर मिळालं, बायकोला आणलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये रायपूरचा एक मराठी माणूस राहायचा. पिढ्यानपिढ्या तिकडेच वाढलेलं घराणं, कारखान्यातली मीटरं आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात नोकरी, गोरा, हाताची नखं स्वच्छ. पहिल्या दिवसापासून तो माझ्याशी हिंदीत बोलला. मी मराठीत उत्तर दिलं की त्याची बायको आतून ‘मले, तुले’ अशी माझी नक्कल करायची आणि हसायची. तेव्हा मला ती ऐकू येत होती.

या शेजाऱ्याला आवाजाचं वेड होतं. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याने स्वतः बांधला होता, आणि ग्रामोफोनची थाळी आणि एक मोठा भोंगा त्याला जोडला होता. दर रविवारी सकाळी त्याच्याकडे बैठक बसायची. तो, हजेरीच्या खात्यातला एक टाइमकीपर, आणखी दोघं-तिघं. टाइमकीपरकडे एक रशियन इअरफोन होता, परत जाताना एका रशियन इंजिनियरने दिलेला. कानाच्या भोकात बसवायचं एवढंसं बटण, आम्ही त्याला बटणच म्हणायचो. आणि मी दुर्गच्या भंगारवाल्याकडून लष्करातून निघालेले हेडफोन आणले होते, काळे, जड, डोक्यावर चढवले की मान खाली जाईल असे. बटण सरस, हेडफोन सरस की शेजाऱ्याचा भोंगा सरस, यावर ही शिकलेली माणसं जेवणवेळेपर्यंत भांडत.

भांडण मिटावं म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. ज्याने निकाल द्यायचा त्याला खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसवायचं, डोळ्यांवर गमछा बांधायचा. वाजत असताना कोणी एक शब्द बोलायचा नाही. खांद्यावर थाप पडली की त्याने सांगायचं. तबकडीही ठरलेली, सतारीची, मध्ये एक ओरखडा असलेली. तीच का, तर तुलना चोख व्हावी.

पहिल्यांदा मला गंमत म्हणून बसवलं. हेडफोन डोक्यावरून जरा मागे सरकले आणि कानामागच्या हाडावर टेकले, तर एकदम आवाज भरून आला. कानावर होते तेव्हा इतका येत नव्हता. मी गमछा सोडून जाहीर केलं, “तुमी सारे चुकीचं ऐकून राहिले. आवाज कानात नाही, हाडात घ्या लागते.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाइमकीपरने हेडफोन हाडावर लावले, डोळे मिटले, आणि म्हणाला की खरंच, आवाजाला खोली येते. शेजाऱ्याने लावले, त्यालाही खोली आली. त्यांचे कान ठणठणीत होते, त्यांना काय खोली येणार होती? पण ‘मला नाही येत’ म्हणायची हिंमत एकात नव्हती. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘कान’ झालो. खाटेवरची जागा माझी. शेजारी माझ्याशी मराठीत बोलायला लागला, त्याची बायको चहाचा पहिला कप मला द्यायला लागली. माझ्यासारख्या चिखलातून आलेल्या माणसाला ती जागा म्हणजे काय होती हे मी आज लाज न बाळगता सांगतो. घर, पगार, बायको, या सगळ्यांहून मला ती खाट प्यारी होती.

आणि मी ती जागा निर्दयपणे वापरली. बटण कानात घातलं तर मला काहीच येईना. मी टाइमकीपरला म्हटलं, “हे मेलेलं आहे. फेकून दे.” त्याचा चेहरा पडला, मला बरं वाटलं. शेजाऱ्याने जुन्या अँप्लिफायरची उलथापालथ करून नवा बांधला, महिनोन्महिने त्यात डोकं घातलं, आणि मोठ्या आशेने मला बसवलं. मला भिंतीपलीकडे कोणीतरी पाणी भरतंय इतपतच ऐकू आलं. मी म्हणालो, “नाकातून गाते.” सगळे खदखदून हसले. त्याच्या बायकोसमोर बोललो. पुढे कित्येक रविवार त्या अँप्लिफायरला सगळे ‘नकट्या’ म्हणत होते.

आपल्याला कमी ऐकू येतंय हे मला एव्हाना कळत होतं का? कळत होतं. पण खाट सोडायची नव्हती. गमछा बांधायच्या आधी मी चेहरे बघून घ्यायचो. ज्याचं यंत्र असेल तो ओठ चाटतो. आणि तबकडी तर पाठच होती. पहिली मींड कुठे, गत कुठे सुरू होते, ओरखडा कुठे लागतो, सगळं डोक्यात आपोआप वाजायचं. ओरखड्याला मी हमखास नाक मुरडायचो. त्याचंही त्यांना कौतुक होतं.

शेजारी मात्र मूर्ख नव्हता. ज्या बटणात सगळ्यांना सतार ऐकू येते ते एकट्या ‘काना’लाच मेलेलं कसं लागतं, हे त्याच्या मनात घोळत राहिलं असणार. एका रविवारी त्याने सगळ्यांना बायकांसकट बोलावलं. माझी बायकोही आली, त्याच्या बायकोला पोहे करू लागायला. नकट्याचं नाक सरळ केलंय, एकदा ऐक, असं तो म्हणाला. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि गमछा बांधला.

नेहमीसारखं थोडं थांबून माझ्या डोक्यात सतार सुरू झाली. मी मान डोलवली. मींडेला हात जरासा उचलला. ओरखड्याची जागा आली तेव्हा नाक मुरडलं. गत चढत गेली, मी मांडीवर बोटं धरली, शेवटच्या झंकारानंतर एक सुस्कारा टाकला. खांद्यावर थाप पडली. मी म्हणालो, “आता जमलं. मांगच्या खेपेला नाकातून गात होता, आता छातीतून गाते. फक्त तो ओरखडा लय टोचते.”

गमछा सोडून वळलो. टाइमकीपर पोट धरून जमिनीवर बसला होता. शेजाऱ्याची बायको पदर तोंडात कोंबून हलत होती. थाळी थांबलेली होती, सुईची दांडी बाजूला आपल्या जागेवर नीट ठेवलेली होती, आणि तबकडी तर पाकिटातून बाहेरच काढली नव्हती. शेजारी हसत नव्हता. तो माझ्याकडे पाहत अगदी सावकाश, ओठ नीट हलवत टाइमकीपरला म्हणाला, “मैं बोला था ना, ठार बहिरा आहे.” त्याला वाटलं मला ऐकू येणार नाही. आलंही नाही. मी वाचलं.

माझी बायको दारात पोह्यांची ताटली धरून उभी होती. तिने नजर खाली घातली.

घरी जाताना ती पुढे चालत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं का? ती चालतच काहीतरी बोलली असावी, तिची मान हलली. मी खांदा धरून तिला वळवलं.

“कवाचं माहीत आहे,” ती म्हणाली. “पाठीमागून जेवाले बोलावलं त तुमी येत नाही. समोर येऊन बोलावलं त येता.”

“मंग सांगितलं कावून नाही?”

“कसं सांगू? रविवारी तेवढे खुश दिसत होते तुमी. माह्यासंगं त कधी एवढे खुश दिसले नाही.”

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा राग जास्त आला, आणि तो तिच्यावरच काढणं सोपं होतं, म्हणून मी तो तिच्यावर काढला.

वाटलं होतं, आता ते मला बोलावणार नाहीत. पण झालं उलटंच. दुर्ग-रायपूरहून कोणी पाहुणा आला की शेजारी मला मुद्दाम हाक मारायला येऊ लागला. “आमचा कान” अशी ओळख करून द्यायची, गमछा बांधायचा, काही न वाजवता बसवायचं. पाहुण्याला करमणूक. मी जात राहिलो. लोक विचारतील, का गेलास? कारण खाट अजून माझीच होती. आणि कारण ओठ मला वाचता येतात हे त्यांना सुचलंच नाही. माझ्या तोंडासमोर ते वाटेल ते बोलत. “बहिऱ्याला चहा द्या, चहाला आवाज लागत नाही,” असं शेजारी म्हणायचा, चेहरा अगदी मायाळू ठेवून. मी कप घेऊन मान डोलवायचो. गमछ्याआड मी सतार पूर्ण वाजवायचो, एकही सूर गाळत नव्हतो, आणि त्या वेळी मनात या माणसाचं काय काय व्हावं असं मी म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग शेजाऱ्याला बढती मिळाली. भट्टीला वारा पुरवणाऱ्या ब्लोअर हाउसमध्ये, तिथल्या गेजवर. तो पेढे घेऊन आला. ब्लोअर हाउस म्हणजे काय हे मी पाहिलेलं होतं. तिथे उभं राहिलं की दात वाजतात, छातीतलं पाणी हलतं. तिथले जुने लोक कानात तेलाच्या कापसाचे बोळे घालून जातात, तरी काही उरत नाही. हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी पेढा खाल्ला.

दोन-तीन दिवाळ्या गेल्या. बैठकीला येणारे पांगले, टाइमकीपरची बदली झाली, जाताना बटण शेजाऱ्याला देऊन गेला. एका रविवारी शेजाऱ्याने मला आणि बायकोला चहाला बोलावलं. बटण हातात घेऊन तो कुरकुरला, “यार, तू तेव्हा बरोबर बोलला होतास. मेलेलं आहे हे. फेकूनच देतो.”

मी ते त्याच्या हातातून घेऊन बायकोच्या हातात दिलं. तिने कानाला लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली. थाळी फिरतच होती, आणि बटणात सतार व्यवस्थित वाजत होती.

शेजाऱ्याने ते पाहिलं नाही. तो आमच्याकडे पाठ करून नकट्यासमोर बसला होता, भोंगा जोडून थाळीवर सुई पुन्हा टेकवत होता, आवाजाची खुंटी फिरवत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. पण माझ्या हातातल्या कपात चहावर गोल गोल लाटा उठत होत्या. खिडकीची काच थरथरत होती. माझ्या बायकोने दोन्ही कान दाबून धरले. शेजाऱ्याची बायको स्वयंपाकघरातून धावत दारात आली. ‘मले, तुले’ करून हसणारं तेच तोंड आता मोठं उघडून ओरडत होतं, “अहो, कमी करा! किती वेळा सांगायचं? कमी करा ना!” तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. तिच्या नवऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

किती वर्षांनी मला इतका आनंद झाला ते सांगता येणार नाही. अगदी पोटातून झाला.

मग तो वळला. चेहऱ्यावर जुनीच आशा होती, नवा अँप्लिफायर बांधल्यावर असायची तीच. माझ्या ओठांकडे टक लावून पाहत त्याने विचारलं, “बोल, तू आमचा कान. कसा वाटतो?”

त्याची बायको माझ्यापुढे हात जोडून उभी होती. माझ्या बायकोने माझी बाही घट्ट धरली.

मी ओठ नीट हलवत, सावकाश म्हणालो, “बाकी सारं बरोबर आहे. थोडासा कमी पडते. वाढव.”

“मलाही तेच वाटून राहिलं होतं,” तो म्हणाला, आणि त्याने खुंटी आणखी फिरवली.