गुरुवारची एक सुई

सुभाषअण्णा गेल्याचं त्यांच्या मुलानं पुण्याहून फोनवर कळवलं, तो बुधवार होता. पहिला विचार काय आला सांगू? उद्या गुरुवारी मी जाऊ कुठं? लाज वाटते, पण तेच आलं मनात.

बेंबळीच्या त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तो लंगडत. शाळेच्या मैदानावर पोरींना खो-खोत खांबावरून सूर कसा मारायचा हे दाखवायला गेलो, पन्नाशी उलटलीय हे विसरून, आणि गुडघा पिरगळला. लिगामेंट अर्धवट फाटलं. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा, विश्रांती आणि व्यायाम सांगितला, पण ठणका काही केल्या थांबेना. अण्णा ॲक्युपंक्चर करायचे. माझे कागद नीट वाचून म्हणाले, "सर, फाटलेलं सुईनं शिवलं जात न्हाय. ते आपलं आपण भरंल. ठणका कमी व्हतोय का तेवढं बघू. पट्टा सोडायचा न्हाय. आन् त्या खांबापासून लई लांब ऱ्हावा!"

केसाएवढ्या बारीक आठ सुया. टोचल्या की वीस मिनिटं हलायचं नाही. तेवढा वेळ अण्णा समोर स्टुलावर बसून राहायचे. ऊस, पाऊसपाणी, हेडमास्तरांबद्दलची माझी कुरकुर, सगळं ऐकायचे. बायको गेल्यापासून माझ्यासमोर असं कुणी बसलंच नव्हतं... निघताना म्हणायचे, "पुढल्या गुरुवारी या."

दोन-तीन महिन्यांत गुडघा बरा झाला. मी सांगितलंच नाही. "दुखतंय?" "थोडं थोडं." वर्षभर दर गुरुवारी हेच खोटं. सुया मात्र कमी होत गेल्या. आठाच्या सहा, मग चार, दोन, शेवटी एकच. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कसं फसवलं!

दहाव्याला भेटलो तेव्हा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाबा गुरुवारी दुपारी दुसरा पेशंटच घेत नव्हते. म्हणायचे, सरांचा गुडघा कवाच बरा झालाय, पर येऊ द्या. मलाबी इथं बोलायला कोण हाय?"

दवाखान्याची खोली अजून रिकामी केलेली नाही. किल्ली शेजारच्या दुकानात असते. परवा गुरुवारी एसटीनं गेलो. स्टूल जागच्या जागी होतं. सवयीनं पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि वीस मिनिटं हललो नाही. मग उठलो आणि त्या स्टुलाला मोठ्यानं सांगितलं, "अण्णा, गुडघा ठणठणीत हाय. पुढल्या गुरुवारी येतो."