गाडीलाही दमा

आमच्या आबांना दमा, आणि आबांच्या गाडीलाही. आबा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ कंटाळला तेव्हा त्याने आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार आबांना देऊन टाकली, कारण भंगारवालाही घेईना. दोन माणसांची, बसकी गाडी. स्वभाव थेट आबांचा, सपाटीवर तोरा आणि चढावर धाप. हर्णेहून दापोलीला जाताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती हटकून बसायची. मग आबा तोंडात दम्याचा पंप मारत स्टिअरिंगवर, आणि मी मागून ढकलायला.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाअखेरीस गाडी चालवणं बंद. आबा मला म्हणाले, "एकदा न थांबता घाट चढू दे. मग किल्ली खुशाल विहिरीत टाक."

बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडून कान लावला. "हिला दम नाय, दमा हाय," म्हणाला. "इंजिनावरची गरम हवा ओढतेय, चढेल कशी?" त्याने एअर फिल्टरचा डबा काढून फेकला आणि कार्बोरेटरला जाडा नळ जोडून त्याचं तोंड पुढे नंबरप्लेटखाली काढलं, रस्त्यापासून वीतभर वर. बोटीत हवेचं तोंड उंच ठेवतात, पाणी शिरू नये म्हणून. जमिनीवर कुठलं आलंय पाणी, असा त्याचा हिशेब. मीही मान डोलावली. शहाणे दोघेही सारखेच.

पाणी नव्हतंच. जवळा होता. आम्ही घाटाकडे निघालो, तर गावाबाहेर समोरून टेम्पो आला, आबांनी गाडी कडेला घेतली, आणि कडेला ताडपत्रीवर कुणाचातरी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत होता. आबांनी वर ऐटीत अॅक्सिलरेटर दाबला. गाडीने मूठभर जवळा ओढला, दोनदा शिंकली आणि मेली.

जवळ्याची मालकीण सूप घेऊनच धावत आली. "मेल्यांनो, माणसांनी खायचा जवळा गाडीला चारताय?" आबांचा चेहरा पार उतरला होता. महिना संपायला दोन दिवस होते. तिनेही तो चेहरा पाहिला असावा. मी नळ काढून झटकेपर्यंत ती बारीक जाळ्याचा तुकडा घेऊन आली, तिने तो नळाच्या तोंडावर दोरीने करकचून बांधला आणि म्हणाली, "एवढी साधी अक्कल नाय तुम्हाला?"

नव्हतीच. पण गाडी चालू झाली, आणि तिसरं वळण आलं कधी नि गेलं कधी कळलंच नाही. उरलेला जवळा इंजिनात भाजत होता, घाटभर जेवणाचा वास.

वर पोचल्यावर आबांनी गाडी बंद केली, पंप ओढला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"टाकू विहिरीत?" मी विचारलं.

"गाढवा," म्हणाले, आणि उतरून फेरी घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मला रडूच फुटलं. आबांना त्या बाजूला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.