एका फेरीत एकच बदल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॉम्प्युटरचा नाद लागला. ते निवृत्त मास्तर. तिसगावच्या बुद्धविहारातल्या पुस्तकांची यादी टाइप करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. लिहिण्याचा प्रोग्रॅम फुकटचा, टपालाने येणाऱ्या मासिकासोबतच्या सीडीवर यायचा. पण फाईल सेव्ह केली की तो मराठी अक्षरांचा पार चुथडा करायचा.

प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला होता. मी पाथर्डीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खटपट करून मी चार ओळी बदलल्या आणि अक्षरं शाबूत राहू लागली. पण नवी सीडी आली की नवी आवृत्ती बसवायचीच, ही दादांची खोड. तिच्यात माझ्या ओळी कुठून असणार? दुसऱ्यांदा यादी गेली तेव्हा त्यांनी कोरी वहीच विकत आणली. "पुन्यांदा असं झालं तर मी आपला ह्यात लिहिनार." मला ते फार लागलं. त्यांना या यंत्रापुढे मीच बसवलं होतं.

आता माझी दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्येच जायला हवी होती. तो जगभरातले हौशी लोक मिळून लिहायचे. कुठल्या ओळी काढल्या, कुठल्या घातल्या, एवढंच दाखवणारी फाईल करायची. तिला पॅच म्हणत. तो पॅच प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या परदेशातल्या एका गृहस्थाला ईमेलने पाठवायचा, आत घ्यायचा की नाही ते तो ठरवणार.

ईमेलसाठी नगर गाठावं लागे. आणि आमच्याकडे नगरला कुणी एका कामासाठी जात नाही. चष्म्याची काडी, मिक्सरचं भांडं, शेजारणीचा ब्लाउज, सगळं जाणाऱ्याच्याच पिशवीत. मीही फ्लॉपीत तेच केलं. एवढी एसटीने चाललेच आहे तर, म्हणून त्याच पॅचमध्ये आणखी पाच सुधारणा कोंबल्या. वर त्या गृहस्थाचा वाकडातिकडा कोड नीट रांगेत लावून दिला.

पुढच्या फेरीत त्याचं उत्तर मिळालं: "एका पॅचमध्ये एकच बदल हवा. यात सहा आहेत, शिवाय माझ्याही ओळी हलल्यात. नवी आवृत्ती पंधरा दिवसांत निघणार, अक्षरांचा बदल तेवढा वेगळा पाठवा."

मी भडकले. फुकट राबायचं आणि वर ऐकून घ्यायचं! घरी येऊन मी त्याचा यथेच्छ उद्धार केला. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "शेजारनीची वाटी द्यायला गेलीस आन् तिच्या मांडनीवरचे डबे लावून आलीस. तिला राग न्हाई येनार व्हय?"

मी चार ओळी वेगळ्या काढल्या. दोन दिवसांनी तेवढ्याच घेऊन नगरला गेले. पिशवीत आईने मिक्सरचं भांडं घातलंच.

त्यानंतर उत्तर आलंच नाही. मीही चौकशी सोडून दिली.

काही महिन्यांनी क्लासहून आले तर दादा स्क्रीनसमोर. मासिक आलं होतं आणि नवी आवृत्ती बसवूनही झाली होती. मी घाईने विचारलं,

"यादी सेव्ह केलीत?"

"केली. बंद करून परत उघडली पन."

मी वाकून पाहिलं. एकेक नाव, काना-मात्रेसकट, जागच्या जागी.

"कदी नीट करून ठिवलंस गं?" दादांनी विचारलं.

मी हातही लावला नव्हता. माझ्या चार ओळी सातासमुद्रापार जाऊन पोस्टमनच्या हातून घरी आल्या होत्या. दादांना हे सांगताना मला हसू आणि रडू एकदमच आलं.

कोरी वही त्यांनी आईला देऊन टाकली. तिने लगेच पहिल्या पानावर नगरहून आणायच्या वस्तू लिहायला घेतल्या.