पोळपाट एकीकडे, लाटणं दुसरीकडे

एक काम चौघांत वाटून दुप्पट लांबवावं कसं, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतकं अख्ख्या नोएडात कुणाला जमत नसेल. बाळांनो, हे सर इंजिनिअरिंग कॉलेजात पॅरलल प्रोग्रामिंग शिकवायचे. म्हणजे मोठ्या कामाचे तुकडे करून कॉम्प्युटरकडून ते एकाच वेळी कसे करून घ्यायचे, ते. घरीही तोच धडा. गॅसवर दूध, गालाला साबण, कानाला फोन. दूध उतू गेलं की सर अर्ध्या दाढीने धावायचे. लग्नाच्या जेवणात बायको चाटच्या रांगेत, मुलगा तंदूरपाशी आणि स्वतः जिलबीकडे. सगळे टेबलापाशी जमेपर्यंत गोलगप्पे मऊ पडलेले. "हिशेब बरोबर होता," ते म्हणत, "जमवाजमवीत वेळ गेला."

एकदा मात्र ते उतरलेल्या चेहऱ्याने चहाला आले. त्यांचा विषय ऐच्छिक, आणि मुलांना तो कळेना. पुढच्या वर्षी पुरेशी नावं आली नाहीत तर कॉलेज तो बंद करणार होतं. मी सहज म्हटलं, होळीच्या पोळ्या करायच्यात, चार मुलं पाठवा, हात लागतील. त्यांनी अख्खा वर्गच आणला. कणीक कुणी, पुरण कुणी, तवा कुणी, अशी कामं वाटली, आणि थोड्याच वेळात सगळं थबकलं. माझ्याकडे पोळपाट एक, लाटणं एक. पोळपाट एका मुलीच्या हातात, लाटणं दुसरीच्या.

"पहले तू बेलन दे."

"तू चकला दे, फिर दूँगी."

दोघी हटेनात. तवा धुरावला, पुरण लागलं. मी पुढे झाले तर सरांनी मला अडवलं. "थांबा वहिनी, हात लावू नका. दोघं एकमेकांच्या हातातल्या वस्तूसाठी अडून बसले की सगळंच ठप्प. हाच डेडलॉक. फळ्यावर इतके दिवस दाखवतोय, कुणाला दिसत नव्हता."

तेवढ्यात तव्यापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "सर, रूल बना दो. सब पहले चकला लेंगे. जिसे चकला नहीं मिला, वो बेलन छुएगा ही नहीं." सरांनी पहिली पोळी तिलाच दिली, करपलेली.

पुढच्या वर्षी इतकी नावं आली की वर्ग मोठ्या हॉलमध्ये न्यावा लागला. तोवर सर निवृत्त झाले होते. विषय एका तरुण शिक्षिकेकडे गेला. वाईट वाटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "विषय राहिला ना, वहिनी."

शेवटच्या बाकावर बसायची परवानगी त्यांनी मागून घेतली आहे. बाईंचा आवाज बारीक, यांना तिथून फारसं ऐकू येत नाही. तरी दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून मेट्रो पकडतात.