माडीवरची आफ्रिका

हैदराबादेत राहून रोज सकाळी आफ्रिकेत जागा होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चिक्कडपल्लीतल्या त्या घरात आम्ही खाली राहत होतो आणि काका माडीवर. काका म्हणजे माझ्या नात्यातले कुणी नव्हेत, पण त्यांना दुसरी कुठली हाक शोभलीच नसती. सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानात ते साड्या दाखवायचं काम करत. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन केनियात गेली होती. मेहुणे तिथल्या रेल्वेत, रिफ्ट व्हॅली नावाच्या प्रांतात, नाकुरू गावी. मोठी लढाई संपल्यावर काका मुंबईहून बोटीनं तिकडं गेले, तीन महिने राहिले आणि परत आले. म्हणजे बोटीतून उतरले एवढं खरं; परत आले असं मी शपथेवर सांगणार नाही.

नळाला पाणी आलं नाही की आम्ही हंडे घेऊन बसलेलो असायचो आणि काका जिन्यावरून सांगायचे, की तिकडं दुष्काळ पडला की हत्ती कोरड्या नदीत सोंडेनं खड्डा करून पाणी काढतो. त्यानं आमच्या हंड्यात थेंब पडत नसे, पण बायकांचं भांडण तेवढं थांबायचं. हुसेनसागराला ते 'बरा आहे' म्हणत. त्यांच्या मते त्याचा काठ कोरा होता. नाकुरूच्या तळ्याला गुलाबी काठ असतो, चांगला चार बोटं रुंद, आणि टाळी वाजवली की तो काठ उठून उडून जातो, कारण ते सगळे रोहित पक्षी असतात. दुकानात गुलाबी काठाची साडी उलगडली की हे सुरू व्हायचं, आणि गिऱ्हाईक तोंडाला पदर लावून हसत दुसऱ्या दुकानात जायचं. मालकानं कंटाळून त्यांना धोतरांच्या बाजूला बसवलं. तिथं पांढरं कापड बघून त्यांना किलिमांजारोवरचं बर्फ आठवायला लागलं.

रविवारी त्यांची सफारी निघे. बेगम बाजारातून आठवड्याचा किराणा आणि भाजी आणायची, एवढाच कार्यक्रम. पण आम्ही तिघं-चौघं असलो तरी एकामागे एक चालायचं, मोठ्यानं बोलायचं नाही आणि अत्तर लावायचं नाही, कारण वाऱ्यावर वास जातो. जनावर समोर आलं तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, हा मुख्य नियम. एकदा मिरच्यांच्या पोत्यांमागून एक म्हैस निघाली आणि सरळ काकांसमोर येऊन थांबली. काका पुतळ्यासारखे उभे. म्हशीनं त्यांच्या पिशवीतली कोथिंबीर शांतपणे काढली, खाल्ली, मग मेथी खाल्ली आणि निघून गेली. घरी काकींनी भाजी कुठे म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "भाजी गेली, शिस्त राहिली." काकींनी त्या दिवशी त्यांना शिस्तच वाढायला हवी होती, पण त्या बाईनं पिठलं केलं.

नुसती जनावरंच नव्हेत, तिथल्या माणसांच्या चालीरीतीही त्यांनी मनावर घेतल्या होत्या. मसाई लोकांत लहानानं डोकं पुढं करायचं आणि मोठ्यानं त्यावर हात ठेवायचा, हा तिकडचा नमस्कार. काकांना तो फार आवडला होता. आमच्या कचेरीतले मोठे साहेब एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला घरी आले. काकांनी त्यांचं वय विचारलं, आपल्याहून चार वर्षांनी लहान निघालं, आणि काकांनी त्यांच्या टोपीवर हात दाबून ठेवला. साहेब कपाळापर्यंत आलेल्या टोपीतून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, नोकरी गेली.

असल्या माणसापासून गल्ली दूर पळणारच. कोपऱ्यावरचा पानवाला तर त्यांना लांबून पाहिलं की "अफ्रिकेवाले साब आरै" म्हणून सगळ्यांना सावध करायचा. ऐकणारा उरलो मी एकटा, तोही जिन्याखाली राहत होतो म्हणून.

पुढं हैदराबाद राज्याचे तुकडे करायचं ठरलं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, आणि त्याबरोबर माझ्यासारखे मराठी कारकूनही. माझं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. घरात आनंद झाला. आपल्या माणसांत चाललो, म्हणून बायकोनं पुरण घातलं. मी मात्र पोळी ताटात तशीच ठेवून उठलो. मी परभणीकडचा, आईच्या दुधाबरोबर मराठी प्यालेला, पण शाळा सगळी उर्दूत झाली आणि नोकरीही उर्दूतच. मराठी बोलायचो धडाधडा. लिहायची म्हटली की हात अडायचा. तिकडं कामकाज मराठीत चालणार होतं, आणि वर्षाच्या आत मराठीच्या लेखी परीक्षेत पास झालो नाही तर नोकरी पक्की होणार नव्हती. मराठी माणूस मराठीत नापास, ही अब्रू कुठे झाकायची? बायकोलाही सांगायची लाज वाटली. एका संध्याकाळी जिन्यात बसून काकांना सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, "माझं आफ्रिकेचं वर्णन लिहायचं राहिलंय बघ. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी सांगतो, तू लिही."

मला असा संताप आला! आमची इकडं नोकरी चालली आणि यांचं आपलं भलतंच. पण काकांना नाही म्हणणं आमच्या मोठ्या साहेबांनाही जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून आलो की चहा घेऊन माडीवर बसायचं, ते सांगायचे, मी लिहायचो. लिहून झालं की वाचून दाखवायचं, आणि वाक्य नीट होईपर्यंत पुढं सरकायचं नाही. मी लिहिलं, 'इतक्यात सिंह तशरीफ घेऊन हाजिर झाला.' काका म्हणाले, "नुसतं आला लिही. सिंहाला कुणाची इजाजत लागत नाही." पाणघोड्याला पाण्याबाहेर काढायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. पहिली वही भरली तेव्हा काकांनी मोठ्या हौसेनं ती उघडली आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. सवयीनं मी वही उर्दूसारखी उजवीकडून सुरू केली होती. काका आधी नाकुरूला पोचले होते, मग गाडीतून त्यांना जिराफ दिसले होते आणि शेवटी ते मुंबईच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभे होते. "अरे बाबा, एवढा खटाटोप करून मला माघारी आणून सोडलंस की," म्हणाले, आणि इतके हसले की काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

अशा चार वह्या झाल्या. काचीगुडा स्टेशनवर निघताना मी त्या त्यांच्या हातात दिल्या, तर त्यांनी परत माझ्या वळकटीत खोचल्या. म्हणाले, "राहू दे. वाच तिकडं." औरंगाबादला मी परीक्षेला बसलो आणि माझा हात कुठं अडला नाही. पास झाल्याचं कळवलं, त्यावर काकांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी स्वतः लिहिलेलं असं मी पहिल्यांदाच काही पाहत होतो. कोंबडीचे पाय कसले, मोत्यांची रांग! अभिनंदन होतं, आशीर्वाद होता आणि खाली दोन ओळी होत्या: 'प्रवासवर्णन मी आल्याबरोबरच लिहून ठेवलं होतं. तुझी प्रत तुझ्यापाशी असू दे.'

ते कार्ड हातात घेऊन मी कचेरीच्या पायरीवर बसलो. शंभर माणसांत या माणसाला ऐकणारा एकच होता, आणि त्या एकाला त्यांनी हातानं घडवून, गाडीत बसवून लांब पाठवून दिलं होतं. माझी नोकरी, माझी मराठी, आज चार माणसांत ताठ मानेनं बसतो ते, सगळं त्यांचं देणं आहे. हे मी त्यांना पत्रात लिहिलं, पण उत्तरात त्यांनी फक्त औरंगाबादेत माकडं फार आहेत का, असं विचारलं.

बऱ्याच वर्षांनी, काकी गेल्यानंतर, ते आमच्याकडं राहायला आले. वाळले होते, ऐकू जरा कमी येत होतं. दोन दिवस झाले तरी आफ्रिकेचं नाव नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, नाकुरूचं काहीतरी सांगा ना." ते म्हणाले, "मीच किती दिवस सांगू? आता तू सांग."

मी ट्रंकेतून वह्या काढल्या आणि अंगणात त्यांच्याशेजारी बसून वाचायला लागलो. बोट, मोंबासा, गाडीच्या खिडकीतले जिराफ, बहिणीच्या दारातली तुळस, पहाटेचं तळं. काका डोळे मिटून ऐकत होते. मी जरा थांबलो की म्हणायचे, "मग?" तळ्यावरचे पक्षी उडाले तिथं मी पान संपवलं. त्यांनी डोळे उघडले.

"फार सुंदर मुलूख दिसतो रे," ते म्हणाले. "एकदा जाऊन यायला पाहिजे."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करत होते की खरंच विसरले होते, मला अजून कळलेलं नाही.

"हौ काका, जाऊ," मी म्हणालो आणि पुढचं पान वाचायला घेतलं.