अंबाडीच्या दोराचं टेंडर

म्युनिसिपालटीच्या कचेरीत किस्से शोधावे लागत नाहीत हो. ते आपणहून चालत येतात, टेबलासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "रावसाहेब, जरा ऐकून तर घ्या!" मी एकवीस वर्षं ठेक्यांच्या टेबलावर काढली. रस्त्याचा मुरूम, दिव्यांच्या काचा, झाडू, विहिरींचे दोर, जे म्हणाल त्याचं टेंडर माझ्या हातून गेलं. आता पेन्शनीत आहे, तर ओट्यावर बसलो की कुणी ना कुणी विचारतंच, "दामूअण्णा, म्युनिसिपालटीचा ठेका मिळवायचा कसा?"

मी म्हणतो, "बैस. पान खा. मिळवायचा कसा ते मला ठाऊक नाही, पण हातचा घालवायचा कसा, ते मी नाना तऱ्हांनी पाहिलंय!"

गाव ठाणे की कल्याण, ते मात्र विचारू नका. दोन्हीकडे माझे सोयरे आहेत आणि म्हातारपणी मला भांडण नकोय.

*

आमचे हेडक्लार्क तात्या म्हणजे नियमांचा माणूस. घरी जेवायला बसतानाही वाढपाचा क्रम चुकला तर पान बाजूला सारणारा!

दिव्यांच्या काचा पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने टेंडर उघडायच्या आदल्या दिवशी तात्यांना फणस पाठवला. चांगला अर्धा मण. तात्यांनी फणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दामू, आवक नंबर टाक."

"तात्या, फणसाला?"

"कचेरीत आलेली वस्तू आहे ना? मग टाक!"

टाकला नंबर. परत पाठवायचा तर जावक नंबर हवा, त्यावर प्रेसिडेंटसाहेबांची सही हवी आणि प्रेसिडेंटसाहेब गेलेले मुंबईला. ते चार दिवसांनी आले. तोवर कपाटात ठेवलेला फणस असा काही पिकला की, कचेरीत आलेला प्रत्येक जण दारातच थबकून "वा!" म्हणायचा.

फणस रीतसर परत गेला. त्या व्यापाऱ्याचं टेंडर बाद झालं. तात्या सोवळे राहिले. पण त्या सालच्या फायली उघडल्या की अजून मला भूक लागते!

*

आमचे ओव्हरसियर पेस्तनजी. डोक्यावर पारशी पगडी, हातात काठी, आणि मनाने लोणी. पण मापात मात्र एक इंच सोडायचे नाहीत.

गावाबाहेरच्या रस्त्याला मुरूम टाकायचा होता. ठेकेदाराने ढीग रचून ठेवलेले, पेस्तनजी काठीने एकेक मापत चाललेले. एका ढिगाला काठी टोचली तर आत शिरेना. बघतात तर ढिगाच्या पोटात भलंमोठं वारूळ! वारुळावर वरून चार पाट्या मुरूम पसरला की झाला ढीग!

ठेकेदार पक्का. त्याने आधीच माथ्यावर हळदकुंकू आणि दोन फुलं वाहून ठेवलेली. हात जोडून म्हणाला, "साहेब, नागदेवाची जागा आहे. खणायला लावू नका."

पेस्तनजींनी पगडी सावरली, वारुळाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बावा, देवाला आपण मान देऊ. पण देवाला मुरमात मोजता येत नाय! हा ढीग वजा!"

*

आता धोंडूचं सांगतो. हे सांगताना मला मजाही वाटते आणि जीवही तुटतो.

धोंडू गावाबाहेरच्या मांगवाड्यातला. दोर वळण्यात त्याचा हात कुणी धरावा? अंबाडी भिजवावी त्याने, कुटावी त्याने, पीळ द्यावा त्याने. गावात सहा सार्वजनिक विहिरी, प्रत्येक विहिरीला दोन दोर, आणि ते दोर म्युनिसिपालटीने पुरवायचे. ठेका मात्र पेठेतल्या तुळशीशेठचा. शेठ धोंडूकडून दोर घ्यायचे आणि आम्हाला द्यायचे.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण शेठ धोंडूचे सहा नवे दोर घ्यायचे आणि त्यात गलबतांवरचे सहा जुने, कुजके दोर मिसळायचे. वरून तेल चोळलं की कुणाला कळतंय! दोर तुटला, घागर विहिरीत गेली की बायका बोटं मोडायच्या, "मेल्या धोंड्याचा दोर!" शेठचं नाव कुणी काढायचं नाही.

एक दिवस धोंडू कचेरीच्या पायरीखाली येऊन उभा राहिला. आत यायची त्याला सोय नव्हती, आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू?

"रावसाब, माल शेटचा आन् बदनामी माजी. माज्या बापाचा वळलेला दोर कंदी तुटला नाय. मला ठेका माज्या नावावर पायजे. मंग तुटला तर खुशाल माजं नाव घ्या."

मी म्हटलं, "मग टेंडर भर की! पुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत."

सोमवारी दुपारी बाराला सगळे ठेकेदार हजर. तुळशीशेठ आत खुर्चीत, धोंडू पायरीखाली. तात्या म्हणाले, "ज्यांची टेंडरं असतील त्यांनी द्यावीत." त्याबरोबर धोंडूने बाहेरून खणखणीत आवाजात आपला भाव सांगून टाकला!

मी डोक्याला हात लावला. "अरे, टेंडर बोलायचं नसतं! लिहून, बंद करून द्यायचं असतं!"

"का बरं? लपवायचं काय त्यात?" धोंडूने विचारलं.

तुळशीशेठनी तेवढ्यात खिशातून शिसपेन्सिल काढली, आपल्या कागदावरचा आकडा धोंडूच्या भावाखाली आणला, लखोटा बंद केला आणि हसत हसत माझ्या हातात दिला. ठेका शेठनाच गेला.

*

दुसऱ्या वर्षी मी धोंडूला आधीच बजावलं, "लिहून आण. लखोटा घट्ट बंद कर. कुणाला उघडता येता कामा नये!"

पलटणीतून पेन्शनीत आलेल्या मेहुण्याकडून त्याने टेंडर लिहून घेतलं. पण लाख कुठून आणणार? त्याने आपल्या पद्धतीने बंद केलं. लखोट्याला बारीक सुतळी वळून गुंडाळली आणि वर अशी काही गाठ मारली की बघत राहावं!

टेंडरं उघडायला बसलो. इतरांची लाख फुटली. धोंडूची गाठ काही सुटेना! तात्यांनी नखं लावली, मी दाभण लावला. पेस्तनजींनी शेवटी दात लावले. दात हलला, गाठ हलली नाही!

"सुरीने कापू या," मी म्हटलं.

"काय म्हणतोस!" तात्या कडाडले. "कापलेला लखोटा म्हणजे फेरफार झालेला लखोटा!"

बाहेरून धोंडू म्हणत होता, "रावसाब, हिकडं द्या, निमिषात सोडतो!"

"एकदा दिलेल्या टेंडराला ठेकेदाराने हात लावायचा नाही," तात्या म्हणाले. नियमच होता तसा. दोन वाजले, तीन वाजले. शेवटी तात्यांनी लिहिलं, 'लखोटा मुदतीत न उघडल्याने बाद.'

ठेका पुन्हा शेठना. सगळे गेल्यावर लखोटा धोंडूकडे परत टाकला. त्याने कुठे तरी बोट दाबलं, कुठलं तरी टोक ओढलं, आणि गाठ सुटली. आतला कागद त्याने पायरीवर ठेवला. मी उचलून वाचला. सगळ्यांत कमी भाव त्याचाच होता.

"तुमीच म्हनला हुतात, कुनाला उघडता येऊ नये," धोंडू म्हणाला. रागाने नाही हो! अगदी साधेपणाने म्हणाला. मला मान वर करवेना.

*

त्याच वर्षी माघात शेठचा एक दोर तुटला आणि तात्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, माहेरची तांब्याची घागर विहिरीच्या तळाला गेली. आक्का तरातरा कचेरीत आल्या. भर कचेरीत, सगळ्यांसमोर हेडक्लार्कला म्हणाल्या, "तात्या, तुझ्या नियमांत दोर ओढून बघायचा नियम नाही का रे?"

तात्या रात्रभर झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी टेंडरच्या नोटिशीत नवं कलम आलं. कलम सातवे : 'ठेकेदाराने प्रत्येक दोर स्वतः विहिरीवर बांधून, ओव्हरसियरसमक्ष भरलेली घागर ओढून दाखवावी. गुमास्ता अथवा नोकर चालणार नाही. त्याशिवाय दोर पास होणार नाही.'

कलम वाचून तुळशीशेठच्या तोंडचं पाणी पळालं. देह असा की हातपंखा हलवायलाही माणूस लागायचा! आणि भर गावात, बायकांसमोर, शेठने घागरी ओढायच्या? त्यांनी त्या वर्षी टेंडरच भरलं नाही. बाकीच्यांनीही अंग काढून घेतलं.

एकच लखोटा आला. ह्या वेळी लाखेने बंद केलेला.

करारनाम्याचा फॉर्म घेऊन मी पायरीवर आलो. "नाव?"

"धोंडू."

"पुरं सांग. धोंडिबा ना? वडिलांचं नाव?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "कचेरीत आजवर कुनी इचारलं न्हवतं, रावसाब." आणि मग बापाचं नाव सांगितलं, ते दोनदा सांगितलं.

*

आता कमिटीच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो! कमिटीतले भाऊसाहेब तावातावाने उठले, "हा माणूस विहिरीवर चढणार? गाव पेटेल! कलम रद्द करा!"

तात्या शांतपणे म्हणाले, "नोटीस छापून कलेक्टरकचेरीत गेली. कलम बदलायचं तर नवी नोटीस, नवा महिना. चैत्र लागलाय आणि चार विहिरींवर दोर उरलेले नाहीत. गावाला काय पाजायचं?"

खरं सांगू? तात्यांनी ते नियमासाठी म्हटलं की धोंडिबासाठी, मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही.

शेवटी भाऊसाहेबांनी तोड काढली. सहाही विहिरींवर नको. गुरांच्या बाजाराजवळच्या एकाच विहिरीवर सगळे दोर एकदम तपासून घ्या, आणि विषय मिटवा.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. पेस्तनजी, तात्या, भाऊसाहेब, मी. आक्काही घागर घेऊन आलेल्या. बाकीच्या बायका आपापली भांडी उचलून लांब झालेल्या, पण एकही घरी गेलेली नव्हती. आणि विहिरीपासून वीस हातांवर, बाभळीखाली, धोंडिबाची बायको भागू रिकामी घागर घेऊन बसलेली.

ती तिथे रोजच बसायची. तिच्या वाड्यातल्या सगळ्याच बायका बसायच्या. कुणाला दया आली तर ती आपल्या घागरीतून वरून ओतायची. नाही आली तर उन्हं चढेपर्यंत बसून राहायचं. कचेरीत जाताना मी त्यांना रोज पाहत होतो. एकवीस वर्षांत एकदाही थांबलो नाही. लाज वाटते मला.

धोंडिबा विहिरीवर चढला. त्याने दोर कप्पीवरून घेतला, सोबत आणलेल्या घागरीला बांधला, खाली सोडला. घागर बुडाली तशी त्याने ओढायला सुरुवात केली. घागर काठोकाठ भरून वर आली.

"पास!" पेस्तनजी ओरडले.

धोंडिबा भरलेली घागर घेऊन तसाच उभा. भाऊसाहेब म्हणाले, "झालं ना? ओत आता ते परत विहि—" आणि त्यांनी जीभ चावली. त्याच्या हातचं पाणी विहिरीत परत कसं ओतणार?

"मग... मग ओत जमिनीवर!"

"चैत्रात?" आक्का गरजल्या. "पाणी मातीत ओतताय? लाजा नाही वाटत?"

धोंडिबाने पेस्तनजींकडे पाहिलं. "सायेब, पानी कुटं वतायचं, कागदात लिवलंय का?"

पेस्तनजींनी चष्मा लावला. कलम सात वाचलं. पान उलटून मागची बाजूही पाहिली. "नाय बावा. काय बी लिवला नाय."

"भागे," धोंडिबा म्हणाला, "घागर आन."

भागू आली. सवयीने चार हात लांब थांबली, घागर जमिनीवर ठेवून मागे सरली, वरून धार येईल म्हणून. धोंडिबा खाली उतरला, तिच्या शेजारी बसला आणि घागरीला घागर लावून पाणी भरलं. एक थेंब सांडला नाही. भागूने पदर तोंडाला लावला. मला दिसेनासं झालं, म्हणून मी उगाच फाइल चाळायला लागलो.

भागूने डोळे पुसले. भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. चार पावलं जाऊन वळली.

"सायेब, दोर येकंदर किती?"

"बारा," पेस्तनजी म्हणाले.

भागूने वाड्याच्या दिशेला तोंड केलं आणि जीव खाऊन हाक मारली, "रखमे! ए सारजे! समद्या घागरी घिऊन धावा गं! अजून अकरा दोर तपासायचं हायती!"